गयाबाईंची सीट

"ताई, जरा मागं टेका की. किती अवघडून बसताय," असं गयाबाई मला म्हणाल्या, तेव्हा मेहकर मागे पडलं होतं आणि माझी कंबरही जवळजवळ तिथेच राहिली होती.

मी मागे टेकले. बाहेर मे महिन्याचं ऊन होतं, पाठीमागे सिमेंटची पोती भरलेली होती आणि ट्रकची केबिन भाकरीच्या तव्यासारखी तापली होती. खिडकीजवळची गादीची सीट मला दिलेली होती. गयाबाई स्वतः बसल्या होत्या बोनटवर, म्हणजे माझ्या आणि ड्रायव्हरच्या सीटमध्ये इंजिनावर जे पत्र्याचं झाकण असतं, त्याच्यावर गोधडीची घडी टाकून. वणीहून निघाल्यापासून मी त्यांना जागा बदलूया म्हणत होते आणि त्या प्रत्येक वेळी "मला हितंच बरं पडतं" म्हणून तोंडाला पदर लावून हसत होत्या. पन्नाशी उलटलेली बाई एवढ्या चटक्यावर हौसेने बसते, हे काही मला पटत नव्हतं. पण न पटलेलंही लिहून ठेवायचं, हे माझं काम होतं.

हे काम तेव्हा कुणाला सांगून पटत नसे. ही गोष्ट बारा-तेरा वर्षांपूर्वीची. माझी आई शेजारणींना सांगायची, "आमची वृंदा ट्रकमध्ये नुसती बसते आणि तिला त्याचा पगार मिळतो." त्यात फारसं खोटं नव्हतं. ट्रक बनवणारी एक कंपनी नवीन केबिन काढणार होती. तिच्यात स्क्रीन बसवायचा होता, कॅमेरे बसवायचे होते, फोनची सोय करायची होती. पण ज्यांचं घरही चाकांवर आणि ऑफिसही चाकांवर, ती माणसं ही यंत्रं कशी वापरणार, कुठे ठेवणार, त्यांना ती हवीत का, हे कंपनीतल्या कुणाला ठाऊक नव्हतं. ते शोधायला आमच्या डिझाइनच्या ऑफिसला नेमलं होतं. त्यासाठी मी वेगवेगळ्या ट्रकमधून फिरत होते आणि आता अगदी विटून गेले होते. धाब्यावरच्या डाळीचा वास आला तरी मळमळायचं. झोपेतही मला गिअर बदलल्याचा आवाज ऐकू यायचा.

आमच्या कामाचा नियम एकच होता. सावलीसारखं राहायचं. बघायचं जास्त, विचारायचं कमी, आणि मध्ये मध्ये करायचं नाही.

रंभाजी आणि गयाबाई ढाकणे हे या फिरतीतलं माझं शेवटचं घर. घरच म्हणते, कारण त्या दोघांना दुसरं उघडं घर नव्हतं. पाथर्डीजवळ गावात तीन खणांचं घर होतं, पण त्याला चार वर्षं कुलूप होतं. त्याची किल्ली गयाबाईंच्या गळ्यात, मंगळसूत्राबरोबर काळ्या दोऱ्यात ओवलेली असायची. मालकाने ट्रकवर क्लीनर ठेवायचं म्हटलं होतं, रंभाजींनी बायकोच बरोबर आणली. मालकाची काही हरकत नव्हती. आमच्या ऑफिसला तर ही जोडी म्हणजे लॉटरीच वाटली होती. संसारच केबिनमध्ये! स्टोव्ह, पिठाचा डबा, देव, आरसा, फोन चार्ज करायची वायर, सगळं त्या एवढ्याशा जागेत.

सगळं, आणि एक नियम न सांगितलेला. गाडी चालू असताना गयाबाई झोपत नसत. मी पेंगायचे, माझं डोकं खिडकीवर आपटायचं, पण त्या ताठ. गाडी थांबली की मात्र बसल्या जागी त्यांची मान पडायची, भाजी चिरता चिरता पडायची. मी वहीत लिहिलं, सोबत्याला चालत्या गाडीत झोपायला नीट जागा नाही.

चहाचंही असंच होतं. थर्मासमधून अर्धा ग्लास ओतायचा, रंभाजींच्या सीटच्या मागून हात घालायचा आणि त्यांच्या उजव्या खांद्यावरून तो पुढे द्यायचा. त्यांचा डावा हात तर गयाबाईंच्या शेजारीच होता, गिअरवर. नुसता पुढे केला असता तरी मिळाला असता. मी एकदा न राहवून म्हटलं, "अहो, इकडूनच द्या की." त्यावर गयाबाईंनी ग्लास आणखी सांभाळून तिकडूनच दिला आणि म्हणाल्या, "त्यास्नी तशी सवय झाली." मी लिहिलं, ग्लास ठेवायला उजव्या दारावर जागा हवी.

आणि मध्येच त्या नवऱ्याच्या मांडीवर हात ठेवायच्या. कधी दोनदा थोपटायच्या, कधी नुसता दाबून धरायच्या. पहिल्यांदा मी कानकोंडी होऊन बाहेर बघू लागले. ऐन दुपारी, परक्या बाईसमोर, तेही गावाकडच्या माणसांनी! मग वाटलं, असेल बाबा, इतक्या वर्षांचा संसार आहे, माया आहे. माया खरोखरच होती. थांबलं की रंभाजी भांडी घासायला बसायचे. बायकोच्या पायात गोळे येतात म्हणून तेल कोमट करून द्यायचे. एका ठिकाणी पेरू विकायला होते, तर गाडी लावून उतरले, पेरू दाबून दाबून बघितले आणि तिला चावतील असे मऊ निवडून आणले. असा नवरा पाहिला की आपल्या घरच्या माणसाबद्दल मनात वाईट विचार येतात.

म्हणूनच रोहिणीच्या बाबतीत हा माणूस असा का वागतो, ते मला कळेना.

रोहिणी ही त्यांची एकुलती एक मुलगी, शेवगावला दिलेली. तिला आठवा सरत आला होता. पहिलटकरीण, म्हणजे बाळंतपण माहेरी. सासरच्यांनी सातव्यातच ओटी भरून विचारलं होतं, कधी नेता? आणि माहेराला कुलूप. रोज संध्याकाळी दिवेलागणीला रोहिणीचा फोन यायचा. गयाबाई फोन कानाशी इतका दाबून धरायच्या, की कानावर त्याचा वण उठायचा. "येते गं. या खेपेला सांगते त्यास्नी," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणायच्या. फोन ठेवला की रंभाजींकडे बघायच्या. रंभाजी रस्त्याकडे बघायचे.

त्यांची गाडी पुण्याला जाताना नगरच्या बाहेरून जायची. तिथून त्यांचं गाव एसटीने फार तर दीड-दोन तासांवर. दर खेपेला तो फाटा यायचा आणि दर खेपेला मागे पडायचा. त्या दिवशी फाट्याच्या अलीकडच्या धाब्यावर आम्ही जेवायला थांबलो. गयाबाईंनी ताटातली भाकरी मोडली आणि तशीच ठेवली.

"मी हितं उतरते," त्या म्हणाल्या. "घर उघडते, सारवून काढते. पोरीला घिऊन येते. सव्वा महिना झाला की मागारी."

"आन् गाडी?" रंभाजींनी विचारलं.

"एखादा किलीनर बघा तवर."

"परक्या माणसाचं जमत न्हाई मला."

"मग काय पोरीनं कुलपाम्होरं बसून बाळंत व्हायचं?"

रंभाजींनी आपल्या ताटातली कांद्याची फोड उचलून तिच्या ताटात ठेवली आणि हात धुवायला उठले. माझा नियम होता, मध्ये मध्ये करायचं नाही. तो मी तिथेच सोडला. नळावर त्यांच्या शेजारी उभी राहिले आणि म्हटलं, "काका, एका महिन्याचा तर प्रश्न आहे. पुन्हा काही तुमची मुलगी पहिल्यांदा बाळंत होणार नाही."

त्यांनी तोंडावर पाणी मारलं. टॉवेलने तोंड पुसलं. "मॅडम," ते म्हणाले, "तुमी ल्ह्या काय ल्ह्यायचं ते. यात पडू नका."

पुढे पुण्यापर्यंत मी त्यांच्याशी बोलले नाही. मनातल्या मनात मात्र त्या माणसाला चांगलं झोडपत होते. भांडी घासतो, तेल देतो, म्हणजे काय मोठं? स्वतःची सोय मोडायची वेळ आली की सगळे सारखेच. गरम चहा हातात लागतो, अडीअडचणीला हक्काचं माणूस लागतं. शिरूरजवळ गयाबाईंनी पुन्हा त्यांच्या मांडीवर हात दाबून धरला, आणि भांडणानंतरही ही बाई याला गोंजारते हे बघून मला तिचाही राग आला. बरोबर त्याच वेळी एक मोटारसायकल डावीकडून कट मारून पुढे गेली. माझं लक्ष मोटारसायकलवाल्याच्या पाठीवरच्या पिंजऱ्याकडे गेलं. त्यात पोपट होता.

पुण्याला पोचल्यावर दुसऱ्या दिवशी भोसरीतल्या एका शेडमध्ये आमच्या कामाचा शेवटचा भाग होता. शेडमध्ये आम्ही पुठ्ठ्याची केबिन उभी केली होती. खऱ्या मापाची. चढायला लाकडी पायऱ्या, पुठ्ठ्याचं स्टिअरिंग, पुठ्ठ्याचा डॅशबोर्ड, पुठ्ठ्याचा पंखा, सगळं सुटं. मिळेल तिथे चिकटवायचं, काढायचं, दुसरीकडे लावायचं. ज्यांच्याबरोबर आम्ही फिरलो होतो, त्या ड्रायव्हरांना बोलावून म्हणायचं, तुमची केबिन तुम्ही लावा. माणसाला नुसतं विचारलं की तो आपल्याला बरं वाटेल ते सांगतो. पण हातात वस्तू दिली की खरं कळतं, असं आमचं शास्त्र. ते शास्त्र त्या दिवशी इतकं खरं ठरेल याची आम्हाला कल्पना नव्हती.

शेडच्या भिंतीवर मी माझी निरीक्षणं रंगीत चिठ्ठ्यांवर लिहून लावली होती. ढाकणे जोडप्याची पिवळी रांग माझी सगळ्यांत आवडती. सोबत्याला झोपायला जागा नाही. ग्लासाची जागा उजवीकडे. आणि तिसरी, जिच्यासाठी आमच्या साहेबांनी माझी पाठ थोपटली होती. इंजिनाच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून सोबती ड्रायव्हरला स्पर्श करून बोलतो, तेव्हा केबिनमध्ये आवाज कमी व्हायला हवा. कंपनीचे टिळेकर म्हणून इंजिनिअर आले होते, ते तर या चिठ्ठीसमोर उभे राहून माना डोलवत होते.

"हे आम्हाला कधी सुचलं नसतं," ते म्हणाले. मीही थोडी फुगले. कशाला खोटं सांगू?

सकाळभरात इतर ड्रायव्हर येऊन गेले. कुणी झोपायची जागा रुंद केली, कुणी देवासाठी कोनाडा मागितला. जेवणानंतर ढाकणे पती-पत्नी आले. रंभाजींनी धुतलेला पांढरा शर्ट घातला होता. गयाबाई त्यांच्या डाव्या अंगाने चालत होत्या, शेडच्या दारातून आत येतानाही.

रंभाजी पुठ्ठ्याच्या केबिनमध्ये चढले. आधी हसले, मग हळूहळू त्यांना ते खरं वाटू लागलं. पंखा उजवीकडे लावला. देव उजवीकडे. फोन, पाण्याची बाटली, घड्याळ, सगळं उजव्या हाताला एकावर एक. डावीकडचा डॅशबोर्ड नुसता मोकळा. टिळेकरांनी मला डोळ्याने खुणावलं, हे काहीतरी नवीनच. मग त्यांनी स्क्रीन आणला. तो पुठ्ठ्याचा नव्हता, खरा होता. शेडच्या डाव्या बाजूला कॅमेरा लावून त्याची तार स्क्रीनला जोडली होती. ट्रकच्या डाव्या अंगाला ड्रायव्हरला न दिसणारी जागा असते, तिथे कोण आहे ते स्क्रीनवर दिसणार, आणि कुणी फार जवळ आलं की तो आवाज करणार. टिळेकर स्वतः कॅमेऱ्यासमोरून चालून आले. स्क्रीनवर छोटे टिळेकर चालले आणि टुंग टुंग आवाज झाला.

गयाबाई आत्तापर्यंत खाली, पायऱ्यांशी उभ्या होत्या. त्या आवाजाबरोबर त्या दोन पायऱ्या चढून आल्या.

"साहेब, ह्यो डावीकडचं समदं दावतो?"

"सगळं."

"मोटारसायकल? पायी चालणारं माणूस? जित्राब?"

"सगळं दाखवतो, बाई. आणि ओरडून सांगतोही. झोप नको, जेवण नको, चोवीस तास राबतो."

गयाबाईंनी स्क्रीनच्या काचेवरून बोटं फिरवली. बाळाच्या गालावरून फिरवावीत तशी. मग त्या हळूच म्हणाल्या, "कधी मिळंल?"

टिळेकर प्रामाणिक माणूस. "अजून चाचण्या व्हायच्यात. बाजारात यायला तीनेक वर्षं तरी लागतील. आणि नव्या गाडीतच येईल, जुन्या गाडीला नाही बसणार."

"तवर माजं नातवंड अंगनवाडीत जाईल," गयाबाई म्हणाल्या.

टिळेकरांना काही कळलं नाही, पण ते हसले. तेवढ्यात चहा आला. टिळेकरांनी स्वतःच ट्रेमधला एक ग्लास उचलला आणि पुठ्ठ्याच्या केबिनच्या डाव्या बाजूने, जिथे भिंत नव्हती तिथून आत शिरून, रंभाजींच्या डाव्या अंगाला धरला. "घ्या काका."

रंभाजी समोर बघत होते. टिळेकरांचा आवाज ऐकून ते "घेतो, घेतो" म्हणाले, हातही पुढे केला, पण तो ग्लासाच्या वीतभर पुढे, रिकाम्या जागेत. टिळेकरांनी ग्लास हलवला. रंभाजींचा हात पुन्हा चुकला. ग्लास त्यांच्या गालापासून हातभरही लांब नव्हता. गयाबाई आत सरकल्या, टिळेकरांच्या हातातून ग्लास घेतला आणि सीटच्या मागून हात घालून नवऱ्याच्या उजव्या खांद्यावरून पुढे दिला. रंभाजींनी तो घेतला.

मी भिंतीवरच्या माझ्या पिवळ्या चिठ्ठ्यांकडे बघितलं. उजवीकडे ग्लास. उजवीकडे देव. दोनदा थोपटलेली मांडी. मागं टेका की ताई, किती अवघडून बसताय. अवघडून बसलेली मी डावीकडच्या आरशाच्या आड येत होते. एवढा लांबचा रस्ता आम्ही सिमेंटची पोती घेऊन आलो होतो, गावागावांतून, शाळा सुटायच्या वेळेला, आणि त्या ट्रकचा डावा डोळा बोनटवर बसलेला होता.

टिळेकर अजूनही आपल्या केबिनमध्येच रमले होते. त्यांनी पुठ्ठ्याची दुसरी सीट उचलून गयाबाईंच्या हातात दिली. "आता तुमची पाळी, बाई. तुमची सीट तुम्हाला हवी तिथे ठेवा. खिडकीजवळ, मध्ये, मागे. अगदी मनासारखी."

गयाबाईंनी सीट घेतली. आधी ती त्यांनी ड्रायव्हरच्या सीटला अगदी चिकटवून ठेवली, बोनटच्या जागी. सवयीने खाली बसल्याही. त्यांचा उजवा हात आपसूक नवऱ्याच्या मांडीवर गेला. क्षणभर त्या तशाच बसल्या. त्यांचा चेहरा मला समोरून दिसत होता. इतकं दमलेलं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि त्यानंतरही नाही.

मग त्या उठल्या. सीट उचलली, छातीशी धरली, आणि एकेक पायरी उतरून खाली आल्या. शेडच्या मध्यापर्यंत चालत गेल्या आणि तिथे फरशीवर ती सीट ठेवून दिली.

"हितं," त्या म्हणाल्या.

टिळेकर आधी गोंधळले, मग एकदम खूश झाले. बघा, दुसरी सीटच नको, तेवढी जागा झोपायला मोकळी, किती सोपं, असं काहीतरी ते आमच्या साहेबांना सांगू लागले. साहेब लिहून घेऊ लागले. मी तिथेच उभी होते आणि मला रंभाजींकडे बघवत नव्हतं.

रंभाजींनी मान वळवली. नुसती नजर नव्हे, अख्खी मान, खांद्यासकट, डावीकडे. बोनटची जागा रिकामी होती. त्या रिकाम्या जागेकडे ते बघत राहिले. मग त्यांनी चहाचा ग्लास डॅशबोर्डवर ठेवला, पुठ्ठ्याच्या स्टिअरिंगवरून एकदा हात फिरवला, आणि खाली उतरले. उतरताना डाव्या हाताने कठडा चाचपला.

"साहेब," ते टिळेकरांना म्हणाले, "ल्ह्यू नका ते. तिला सीट नको आसं न्हाई. तिला माजा डोळा व्हायाचं न्हाई आता."

साहेबांचं लिहिणं थांबलं.

"डाव्या डोळ्यानं मला दिसत न्हाई. काचबिंदू झाला. चार वर्सं झाली." ते सावकाश बोलत होते, जणू एकेक पोतं उतरवत होते. "एकोनिसाव्या वर्सी गाडीवर चढलो. दुसरं काय येत न्हाई मला. म्हनलं, हिचा डोळा हाय तवर चालंल. ही आधी तोंडानं सांगायची, डावीकडं सायकल, डावीकडं बैल. ह्या मॅडम बसल्या तवापास्नं मुकाट हातानं सांगती, कुनाला कळू नये म्हनून. लई तरास झाला तिला."

गयाबाई फरशीवरच्या त्या सीटशेजारी उभ्या होत्या. त्यांनी तोंडाला पदर लावला होता, पण त्या वेळी हसत नव्हत्या.

"आवं, मी तसं कायबी म्हनले न्हाई," त्या म्हणाल्या.

"ठावं हाय. तू म्हनत न्हाईस, म्हनूनच चार वर्सं झाली."

मग त्यांनी मालकाला फोन लावला. तो फोन काही फार मोठा नव्हता. गाडी भोसरीत उभी आहे, किल्ली ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात ठेवतो, दुसरा ड्रायव्हर पाठवा, मी आता चालवणार नाही, एवढंच. मालकाने पलीकडून का म्हणून विचारलं असणार, कारण रंभाजी थोडे थांबले. "डोळ्यानं दिसत न्हाई," ते म्हणाले. मालक पुढे काय बोलला कुणास ठाऊक. ते नुसतं "व्हय, व्हय" म्हणत राहिले आणि फोन बंद केल्यावरही थोडा वेळ कानालाच धरून उभे होते.

ट्रकमधलं सामान काढायला मी त्यांच्याबरोबर गेले. स्टोव्ह, पिठाचा डबा, देव, आरसा. संसार दोन पोत्यांत मावला. शेवटी रंभाजींनी बोनटवरची गोधडी उचलली. तिच्या मधोमध इंजिनाच्या आचेने तपकिरी डाग पडला होता. ती त्यांनी झटकली, नीट घडी केली आणि कुणाला न देता स्वतःच्या काखेत घेतली. दार लावताना मात्र त्यांचा हात दारावरून लवकर निघेना. गयाबाई थांबल्या. त्यांनी घाई केली नाही.

शिवाजीनगरला पाथर्डीची एसटी लागलेली होती. मला रंभाजींची माफी मागायची होती, धाब्यानंतर त्यांना मनात काय काय बोलले होते त्याबद्दल, पण ते त्यांना सांगायचं तरी कसं? त्याऐवजी मी पोती आत चढवायला मदत केली. गयाबाईंना खिडकी मिळाली, रंभाजी त्यांच्या शेजारी बसले, गोधडी मांडीवर घेऊन. गयाबाईंनी गळ्यातली किल्ली बाहेर काढली, बघितली, परत आत टाकली. "गंजलं असंल कुलूप," त्या मला खिडकीतून म्हणाल्या. "गोडंतेल घालावं लागंल." मग त्यांनी रोहिणीला फोन लावला आणि या खेपेला फक्त दोनच शब्द बोलल्या, "निघाले गं."

मी पाण्याची बाटली आणायला गेले. परत आले तेव्हा ड्रायव्हरने इंजिन चालू केलं होतं आणि एसटी जागच्या जागी थरथरत होती. मी बाटली खिडकीत धरली. रंभाजींना ती दिसली नाही. मी पत्र्यावर बोटाने दोनदा वाजवलं, तेव्हा त्यांनी मान पूर्ण वळवली, बाटली घेतली आणि दुसऱ्या हाताचं बोट आपल्या ओठांवर ठेवलं.

गयाबाई झोपल्या होत्या. तोंड किंचित उघडं, मान खिडकीच्या गजावर, हातात तो फोन तसाच.

कंडक्टरने घंटी मारली. गाडी मागे आली, वळली, कुणीतरी जोरात हॉर्न दिला, समोरून रिक्षा आडवी आली, एसटीने कचकन ब्रेक मारला. गयाबाई हलल्या नाहीत. त्यांचं डोकं गजावर आपटू लागलं तेव्हा रंभाजींनी ती जळकी गोधडी मधे सरकवली. फाटकातून गाडी बाहेर पडेपर्यंत मला ते दिसत होते. रस्त्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. अख्खी मान वळवून ते डावीकडे बघत बसले होते.